धारपुरे सर आणि शहाणपणाचा दाखला

धारपुरे सर माणसाची तक्रार ऐकायच्या आधी त्यानं मत कुणाला दिलं ते विचारायचे. समोरचा बिचारा छातीत धडधडतं म्हणून आलेला असायचा. सर त्याला बाकावर बसवणार, चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "गेल्या खेपेला शिक्का कुणावर मारलात?" त्यानं सांगितलं की अर्धं निदान तिथंच व्हायचं. खादीवाल्याला मत दिलं असेल तर, "वडिलांचा धाक. अजून गेला नाही." भगव्या झेंड्याला दिलं असेल तर, "भीती. कशाची ते शोधू." लाल बावट्याला दिलं असेल तर सर खूश होऊन म्हणायचे, "मग तुम्हाला काहीही झालेलं नाही. जा घरी." तो आपली धडधड जशीच्या तशी घेऊन घरी जायचा. आणि एखाद्यानं "मी मत देतच नाय" म्हटलं, की सर चष्मा काढून पुसायचे आणि मला सांगायचे, "मालतीबाई, लिहा. गंभीर."

ती लिहून घेणारी मालतीबाई म्हणजे मी. वय तेवीस. आज माझी नातवंडं मला समंजस समजतात, कारण तेव्हाचे साक्षीदार आता उरलेले नाहीत. उरले असते तर हा लेख मी लिहिला नसता, त्यांनीच लिहिला असता.

गोष्ट बाहत्तर-त्र्याहत्तर सालची. रायगडाला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. लग्न होऊन मी कर्जतला आले होते. नवरा रेल्वेत, घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनावर. माझ्याकडे पुण्याची मानसशास्त्राची पदवी होती, तीही पहिल्या वर्गातली, आणि कर्जतमध्ये हे कुणालाच माहीत नाही याचं दुःख मला जेवताना, झोपताना, धुणी वाळत घालताना व्हायचं. भाजीवाली म्हणाली, "ताजी हाईत वांगी, ताई," की मी विचारायची, "असं तुम्हाला का वाटतं?" शेवटी ती मला वांगी द्यायचीच बंद झाली. त्यावर मी डायरीत लिहिलं होतं, 'ग्रामीण मन प्रश्नांना घाबरते.'

अशा अवस्थेत मला नोकरी लागली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक मानसिक सल्ला केंद्र होतं. कुणा शेठजींनी आईच्या स्मरणार्थ काढलेलं. तिथं धारपुरे सर होते आणि त्यांना मदतनीस हवी होती. सर पन्नाशीचे, उंच, वाकलेले, बिनइस्त्रीचा बुशकोट, खिशात दोन पेनं आणि दोन्ही गळणारी. पूर्वी मुंबईला कॉलेजात प्राध्यापक होते, ती नोकरी मधेच सोडली. का सोडली याच्या कर्जतमध्ये तीन कथा होत्या: संपात गेली, बाईच्या भानगडीत गेली, आणि लोकांना तपासता तपासता स्वतःच्याच डोक्यावर परिणाम झाला. तिसरी जास्त चालायची, कारण ती सांगून झाल्यावर त्यांच्याकडे न जाण्याचं कारण आयतंच मिळायचं.

सरांचा एक प्रश्न ठरलेला. कुणी म्हणालं, अमका वेडा झालाय, अमकी विक्षिप्त वागते, की सर विचारणार, "सोय कुणाची?" सासू आली, "सून वेड्यासारखं करते हो, सारखी माहेरी जाते म्हणते." सर म्हणाले, "ती वेडी ठरली तर सोय कुणाची?" सासू उठून गेली ती शेठजींकडे तक्रार करायला. एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तो तीन महिने बोलतच नव्हता. सरांनी विचारलं, "हा बोलत नाही, यात सोय कुणाची?" बाईनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "तशी माझीच." आणि नवऱ्याला घेऊन परत गेली.

त्यांचे उपचारही असेच. नेरळकडच्या एका भातगिरणीच्या मालकाला झोप येत नव्हती. सरांनी लिहून दिलं, 'रोज दुपारी हमालांच्या पंगतीत बसून जेवावे.' मालक आठ दिवस जेवला. त्याला झोप लागू लागली आणि हमालांची उडाली. दुसरा एक तरुण, मुलीनं नकार दिला म्हणून खंगत चाललेला. सर म्हणाले, "हे दुःख तुझं नाही, कारखानदारीचं आहे." मी मधे पडले, "सर, त्या मुलीनं काय कारखानदारीमुळे नकार दिला?" "अर्थात!" पुढं त्या मुलीनं खोपोलीच्या कारखान्यातल्या फिटरशी लग्न केलं. तेवढ्यापुरतं सरांचं निदान बरोबर निघालं.

मला हे सगळं असह्य व्हायचं. माझंही एक वाक्य होतं, आणि ते मी दिवसातून चारदा, मान किंचित वर करून म्हणायची: "सर, विज्ञानाला पक्ष नसतो." आज कुणी हे वाक्य म्हणालं की मी आधी त्याचा पक्ष कुठला ते शोधते.

माझं विज्ञान म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक छापील कसोटी. परदेशातली. कुणीतरी तिचं मराठी केलं होतं, पण ते करताना मराठी माणूस डोळ्यांपुढं आणायचं राहून गेलं होतं. नाव 'समायोजन कसोटी'. समायोजन म्हणजे माणूस आपल्या परिस्थितीशी किती जुळवून घेतो ते. जितकं जास्त जुळवून घेईल तितका निरोगी. मी ती पिशवीत घालून गावोगाव हिंडायची. ठाकुरवाडीच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हाला उंच जागेची भीती वाटते का?" तो त्या वेळी कड्याच्या टोकावर पाय सोडून बसला होता. म्हणाला, "पडायची वाटते. उंचाची कशाला वाटंल?" पोशीरच्या एका शेतकऱ्याला विचारलं, "महिन्यातून किती वेळा स्नेह्यांना जेवायला बोलावता?" तो म्हणाला, "आमी बोलवत नाय. ते येतात." दोघांनाही मी कमी गुण दिले.

सरांना ती कसोटी दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "दावणीच्या बैलाचं समायोजन फार उत्तम असतं, मालतीबाई."

"पण सर, तुमची स्वतःची कसोटी तरी काय आहे?"

कारण सरांचीही एक होती, जांभळ्या शाईत सायक्लोस्टाइल केलेली. 'वरिष्ठांचा राग येतो का? येत असल्यास दोन गुण.' 'घरात मोठ्यांना उलट उत्तर दिले आहे का? दिले असल्यास तीन गुण.' मी ती चोरून सोडवली आणि 'सत्तेपुढे संपूर्ण शरणागत' निघाले. ती अशास्त्रीय आहे याची माझी त्या दिवशी खात्रीच पटली.

अशी आमची जुगलबंदी चालू असताना कुसुम गायकवाड आली.

खालापूरला आम्ही दर गुरुवारी बसायचो, एस.टी. स्टँडाजवळच्या एका खोलीत. तालुक्याच्या ऑफिसातून कुसुमच्या हाती एक पत्र दिलेलं होतं. ती जवळच्याच एका गावात शाळेत शिक्षिका होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आता माझे व्याही राहतात. वय माझ्याएवढंच. इस्त्रीचं पांढरं पातळ, घट्ट वेणी, हातात छत्री. घर पोशीरकडचं, छप्पन्न साली बौद्ध झालेलं. त्या घरातली ही पहिली नोकरी, आणि तिच्यावर धाकटी दोन भावंडं शिकत होती. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पत्रात हेडमास्तर ठोंबरे गुरुजींची तक्रार होती: 'सदर शिक्षिका चिडखोर, संशयी व मनाने अस्थिर असून शाळेच्या साहित्याची नासधूस होण्यास कारणीभूत आहेत.' ऑफिसनं खाली लिहिलं होतं, 'तपासणी करून मानसिक स्थितीबाबत दाखला द्यावा.' दाखला वाईट आला तर नोकरी संपली, इतकं साधं होतं.

नासधूस झालेलं साहित्य म्हणजे पाण्याचे तीन माठ.

शाळेत पद्धत अशी होती की, कुसुमला तहान लागली की शिपायानं माठातून ओगराळ्यानं पाणी काढायचं आणि वरून ओतायचं. कुसुमनं ओंजळ धरायची. दीड वर्ष तिनं धरली. एक दिवस शिपाई आला नाही. तिनं स्वतः ओगराळं घेतलं, पाणी प्याली, ओगराळं जागेवर ठेवलं आणि वर्गात जाऊन मुलांकडून सातचा पाढा म्हणून घेतला. दुसऱ्या दिवशी ठोंबरे गुरुजींनी तो माठ अंगणात फोडला आणि नवा आणला. कुसुम नव्यातलंही पाणी प्याली. पंधरा दिवसांत तीन माठ फुटले. तिन्ही गुरुजींनी फोडले आणि तक्रार कुसुमवर गेली.

सर त्या दिवशी तापानं कर्जतला पडून होते. तपासणी माझ्या एकटीच्या हाती आली. माझा आनंद गगनात मावेना. मी निळा पुठ्ठा उघडला.

"लोक तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल कुजबुजतात असं वाटतं का?"

"पाठीमागं कशाला? तोंडावर बोलतात," कुसुम म्हणाली.

"होय की नाही, तेवढंच सांगा."

"मग होय."

मी लिहिलं, संशयग्रस्त.

"आपल्याला मुद्दाम वगळलं जातं असं वाटतं का?"

"वाटत नाय बाई. वगळतात."

"म्हणजे होय."

"तुमच्या कागदावर 'वगळतात' असं लिहायला जागा नाय का?"

नव्हती. मी होयवर फुली मारली.

"लोकांच्या घरी मोकळेपणानं जाता का?"

"बोलावत नाय कुनी."

एकलकोंडी.

"वारंवार राग येतो का?"

 ती म्हणाली, "बाई, तुमाला येत नाय का?"

मला तेव्हा राग कधीच यायचा नाही. का येईल? माझ्यासाठी तीन माठ कुणी फोडले नव्हते.

शनिवारी ती एक राहिलेला कागद द्यायला कर्जतला माझ्या घरी आली. उन्हातून आलेली. मी आग्रहानं बसवलं, चहा टाकला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. सासूबाईंनी फक्त खिडकीकडं बघितलं. आणि मी, पुण्याची पहिल्या वर्गातली पदवीधर, त्या कपातच चहा दिला. घरात उगाच वाद नकोत म्हणून. कुसुम शांतपणे प्याली, कप स्वतः विसळला आणि गेली. माझ्या मनाला काही म्हणता काही टोचलं नाही. सासूबाई संध्याकाळी प्रेमानं म्हणाल्या, "मालती, तू फार जुळवून घेतेस गं." माझ्या कसोटीप्रमाणे मी उत्तम समायोजित होते.

सोमवारी मी अहवाल टाइप केला. दशांश चिन्हं सुद्धा घातली. 'असमायोजित. संशयी वृत्ती. अध्यापनास योग्यता संशयास्पद.' सर तापातून उठून आले होते. त्यांनी तो वाचला.

"तीन माठ कुणी फोडले?"

"ठोंबरे गुरुजींनी."

"आणि चिडखोर कोण?"

"कुसुम गायकवाड. आकड्यांप्रमाणे."

"सोय कुणाची?"

"सर, आकडे कुणाच्या सोयीनं बोलत नाहीत."

 सरांनी माझा अहवाल ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि स्वतःच्या हातानं दुसरा लिहून ऑफिसला पाठवला. त्याची नक्कल मी नंतर पाहिली. 'रुग्ण: पाण्याचा माठ. वय: पंधरवडा. लक्षणे: विशिष्ट व्यक्तीने स्पर्श केल्यास फुटतो. उपचार: हेडमास्तर बदलावेत.'

तो तीन दिवसांत परत आला. वर शेरा, 'सदर अहवाल विहित नमुन्यात नाही.' शेरा घेऊन आलेले ऑफिसातले कारकून चांगले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, सरांची सही नका पाठवू. साहेब म्हणतात, ते एका बाजूचे. आणि ठोंबरे तर बोंब मारतोय, की लाल माणसाचा दाखला कोण धरतो? तुमी सही करा. तुमी शास्त्रीय हाय, हे साहेबांना माहीत हाय. येत्या सोमवारपर्यंत या, नायतर तिला कमी करतील."

माझी छाती फुगली. सरांची मात्र उतरली. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. "मालतीबाई, दाखला तुमचाच जाऊ दे. हवा तो लिहा. फक्त त्याआधी एकदा शाळेत चला. आणि ती निळी कसोटी बरोबर घ्या."

शुक्रवारी आम्ही शाळेत गेलो. ठोंबरे गुरुजींनी ओटीवर सतरंजी घातली, चहा मागवला. धष्टपुष्ट, हसतमुख माणूस. व्हरांड्यात चौथा माठ होता. सर थेट त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"याचा पक्ष कोणता?"

"सर, तो माठ हाय," गुरुजी म्हणाले.

"दिसतंय. मत कुणाला देतो?"

गुरुजींनी माझ्याकडं बघून कपाळावर बोट फिरवलं. मी ओशाळून हसले. गुरुजींशी माझं समायोजन चटकन झालं.

मग सर मला म्हणाले, "आता गुरुजींची घ्या."

गुरुजी आनंदानं तयार झाले. "घ्या की! आमी काय घाबरतो का?"

"लोक तुमच्याबद्दल पाठीमागे कुजबुजतात असं वाटतं का?"

"कुनाची हाय हिंमत?"

"आपल्याला वगळलं जातं असं वाटतं?"

"माझ्याबिगर गावात नारळ फुटत नाय, ताई."

"लोकांच्या घरी मोकळेपणानं जाता?"

"मी कशाला जाऊ? गाव माझ्या ओटीवर येतो."

"वारंवार राग येतो का?"

"राग?" गुरुजी मनापासून हसले. "राग यायला काय झालं? माझं समदे ऐकतात."

मी बेरीज केली. मग पुन्हा केली. आजवर मी तपासलेल्या माणसांत इतके गुण कुणालाच पडले नव्हते. पंधरा दिवसांत तीन माठ फोडणारा माणूस निळ्या पुठ्ठ्याप्रमाणे तालुक्यातला सगळ्यात निरोगी माणूस होता. माझी पेन्सिल तिथंच थांबली.

सर जिंकल्यासारखं बघतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. कुसुमच्या वर्गातून कविता ऐकू येत होती, तिकडं बघत होते.

शाळा सुटल्यावर कुसुम स्टँडापर्यंत आमच्याबरोबर आली. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "कुसुमताई, कसोटी तुमच्यासाठी जरा कडकच झाली."

"कडक कुठं? एक प्रश्न तर तुमी विचारलाच नाय," ती म्हणाली. "परवा तुमच्या घरी चहा प्याले. कप खिडकीतला होता. मी कायपन बोलले नाय. त्याचे गुण मिळतील का मला?"

बोलताना ती हसत होती, म्हणून मला पळून जायलाही वाट उरली नाही. सर चपलेनं मातीत रेघ ओढत उभे होते. त्यांनी नक्कीच ऐकलं होतं, आणि मला पुढं आयुष्यभर त्यांनी त्यावरून एक शब्द सुनावला नाही. एरवी माणसाला नाक घासायला लावल्याशिवाय न राहणारे सर!

मी रविवारी दाखला लिहिला. दशांश चिन्हं काढून टाकली. एकच वाक्य लिहायला मला दुपार लागली: 'श्रीमती कुसुम गायकवाड यांना जे जे वाटते ते ते प्रत्यक्षात घडत असल्याचे शाळेस भेट देऊन पाहिले, सबब त्यांना भ्रम नाही, त्यांची नजर व मन दोन्ही उत्तम आहेत व त्या शिकवण्यास सर्वस्वी योग्य आहेत.' सरांना त्यात सरंजामशाहीवर तीन परिच्छेद घालायचे होते. मी म्हटलं, "सर, नमुन्यात बसणार नाहीत." त्यांनी चक्क पेन खिशात ठेवलं. सोमवारी सकाळी मी स्वतः खालापूरला जाऊन तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. ठोंबरे गुरुजी तिथंच बसलेले होते. त्यांनी तो वाचला आणि मला म्हणाले, "ताई, तुमी पन लाल झालात?" एका वाक्यानं माझं विज्ञान पक्षात गेलं.

घरी आल्यावर मी खिडकीतला कप बाकीच्या कपांत ठेवला. सासूबाईंनी तुटक्या कानावरून तो लगेच ओळखला आणि वेगळा काढला. तेव्हा मी उरलेल्या पाच कपांचेही कान तोडले. हे मी क्रांती म्हणून केलं असं नातवंडांना सांगते. खरं म्हणजे पहिला कान घासताना तुटला, मग सुचलं. सासूबाईंनी चार दिवस चहा सोडला. पाचव्या दिवशी डोकं धरून आल्या आणि म्हणाल्या, "दे गं कुठल्याही कपात."

महिन्याभरानं कुसुमची नोकरी कायम झाल्याचा हुकूम आला. गुरुजी घरून तांब्या आणू लागले आणि माठ कुसुमच्या ताब्यात गेला. समायोजन शेवटी गुरुजींनीच केलं.

हुकूम दाखवायला कुसुम कर्जतला आली, पण केंद्राला कुलूप होतं. सर दोन दिवस आले नव्हते. आम्ही नदी ओलांडून दहिवलीला त्यांच्या घरी निघालो. त्यांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सर माणसांना बोलवायचे नाहीत. माझ्या निळ्या पुठ्ठ्यात त्यांना शून्य मिळालं असतं.

दार उघडंच होतं. ओटीवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. केस पांढरे, तेल लावून चापून बसवलेले, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सर त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या पायाची नखं काढत होते. आम्हाला बघून ते असे दचकले की नेलकटर खाली पडला.

"ही माझी थोरली बहीण. गोदाताई," ते म्हणाले.  गोदाताई कुसुमची छत्री निरखत होत्या.

"नवरा गेल्यावर हिनं कुंकू पुसलं नाही," सर हळूच म्हणाले. "कुणी पुसलं की पुन्हा लावायची. दिरांनी मला बोलावलं. मी तेव्हा नुकताच प्राध्यापक झालेलो, मालतीबाई. तुमच्यासारखाच. मी कसोटी लावली. लोक तुझ्याबद्दल बोलतात असं वाटतं का? होय. राग येतो का? होय." त्यांनी खाली पडलेला नेलकटर उचलला. "माझ्या सहीवर हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. नऊ वर्षं. मी चुकलो हे कळायला मला सहा लागली, आणि तीच सही खोडायला आणखी तीन. मग मी नोकरी सोडली आणि हिला इकडं घेऊन आलो."

तेवढ्यात गोदाताई म्हणाल्या, "मोरू, आजचा लिहिलास का?"

"लिहितो, ताई. आता लिहितो."

"दोन दिवस तुला ताप होता म्हणून चाललं. आज चालायचं नाही."

सरांनी खिशातलं गळकं पेन काढलं. कोनाड्यात छोट्या चौकोनी कागदांची चळत होती, दोऱ्यानं बांधलेली, कितीतरी वर्षांची. प्रत्येक कागदावर एकच ओळ: 'श्रीमती गोदावरी यांची प्रकृती मनाने उत्तम आहे.' खाली सही, मो. धारपुरे, एम.ए. रोज सकाळी त्या मागायच्या आणि रोज सर लिहून द्यायचे.

आज मात्र गोदाताईंनी हात आडवा केला. "तू नको. तू घरचा. तुझी सही कोण धरतंय?" आणि कुसुमकडं वळल्या. "तू मास्तरीण ना गं? अक्षर चांगलं असेल. तू लिही."

सरांनी पेन पुढं केलं.  कुसुमनं ते घेतलं, ओटीच्या कडेला बसली, कागद मांडीवर धरला आणि पाटीवरचा कित्ता काढावा तशा टपोऱ्या अक्षरांत ती ओळ लिहिली. खाली पूर्ण नाव घातलं आणि त्याखाली 'शिक्षिका'.

गोदाताईंनी कागद दूर धरून वाचला. मग कुसुमला म्हणाल्या, "एकही प्रश्न विचारला नाहीस गं?"

"काय विचारू?" कुसुम म्हणाली. "दिसताय ना चांगल्या."

सर उठून आत गेले. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज येईना, भांड्याचा येईना. बऱ्याच वेळानं गोदाताईच आत बघून ओरडल्या, "मोरू, पुरे झालं आता. तोंड धू आणि या पोरींना चहा टाक."